यंत्राने पैकीच्या पैकी गुण दिलेला हिरा घ्यावा का?

वाचकाचे पत्र, थोडक्यात: अंगठीसाठी एक कॅरटच्या आसपासचा गोल हिरा घ्यायचा आहे. दोन हिऱ्यांवर येऊन अडलो आहे. दोन्हींचा रंग आणि क्लॅरिटी (स्वच्छता) सारखी, दोन्हींना जीआयए या रत्नपरीक्षण संस्थेची 'एक्सलंट' कट श्रेणी. पहिला 1.02 कॅरट, माप 6.41–6.44 × 4.02 मिलिमीटर, खोली (व्यासाच्या तुलनेत उंची) 62.6 टक्के, टेबल (वरचा सपाट पैलू) 58 टक्के, क्राउनचा (वरच्या भागाचा) कोन 35 अंश, पॅव्हिलियनचा (खालच्या भागाचा) 41.2 अंश. दुसरा 1.01 कॅरट, माप 6.44–6.46 × 3.98, खोली 61.7 टक्के, टेबल 56 टक्के, कोन 34.5 आणि 40.8. पहिल्यासोबत विक्रेत्याने यंत्राचा अहवाल दिला आहे. त्यात ब्रिलियन्स (पांढरी चमक), फायर (रंगीत ठिणग्या) आणि स्पार्कल (हलवताना होणारी लुकलुक) या तिन्ही पट्ट्या शेवटच्या टोकापर्यंत भरलेल्या आहेत. दुसऱ्याची अशी तपासणी झालेलीच नाही. पहिला 8 टक्क्यांनी महाग आहे. यंत्र तर पक्षपात करत नाही, मग जास्त पैसे देऊन पहिला घ्यावा का?

उत्तर:

त्या अहवालासाठी 8 टक्के जास्त देऊ नका. आज हातात असलेल्या आकड्यांवरूनच ठरवायचं झालं तर आमचा कल दुसऱ्या हिऱ्याकडे आहे. पण आज ठरवायची गरज नाही. दोन्ही हिऱ्यांची प्रत्येकी दोन छायाचित्रं मागवा आणि अर्धा तास काढून दोन्ही हिरे शेजारी ठेवून बघा. ते कसं करायचं ते पुढे सांगतो. त्याआधी त्या तीन भरलेल्या पट्ट्यांचा अर्थ समजून घेऊ.

यंत्र पक्षपात करत नाही हे खरं. पण यंत्राला एक ठरावीक प्रश्न विचारलेला असतो आणि ते तेवढ्याच प्रश्नाचं उत्तर देतं. हिरा एका बंद कप्प्यात ठेवतात, ठरलेल्या दिशांनी ठरलेला प्रकाश टाकतात, वर बसवलेला कॅमेरा फोटो घेतो आणि संगणक त्या फोटोंमधले उजळ, रंगीत आणि बदलणारे ठिपके मोजतो. कोणता प्रकाश किती अंशांवरून यावा, कॅमेरा किती अंतरावर असावा, किती ठिपके म्हणजे 'उत्तम', हे सगळं बनवणाऱ्याने आधीच ठरवलेलं असतं. म्हणून एका कंपनीच्या यंत्राचे गुण दुसरीच्या गुणांशी ताडून बघता येत नाहीत. सरीन लाइट हे यंत्र ब्रिलियन्स, फायर, स्पार्कल आणि प्रकाशाची सममिती अशा चार गोष्टींना श्रेणी देतं. जेमेक्सचं ब्रिलियन्सस्कोप पांढरा प्रकाश, रंगीत प्रकाश आणि सिंटिलेशन (लुकलुक) अशा तीन पट्ट्या दाखवतं. नावं मिळतीजुळती असली तरी मोजणी वेगळी आहे.

दुसरा प्रकार म्हणजे प्रकाश न मोजता हिशेबाने काढलेले गुण. यात हिऱ्याचं त्रिमितीय स्कॅन करतात आणि त्या संगणकीय प्रतिकृतीतून किरण फिरवून बघतात. अमेरिकन जेम सोसायटीच्या प्रयोगशाळेने 2005 मध्ये आपली कट श्रेणी याच पायावर उभी केली होती आणि ती पद्धत बरीच काटेकोर होती. पण प्रतिकृती ही काचेसारखी स्वच्छ धरलेली असते. आत धुरकट ढग असेल किंवा तीव्र फ्लुरोसन्समुळे (अतिनील प्रकाशात हिरा स्वतः उजळण्यामुळे) क्वचित एखादा हिरा दुधाळ दिसत असेल, तर हिशेबाला ते कळत नाही. शिवाय स्कॅनच्या वेळी पैलूवर धुळीचा कण असेल, तर कोनाचं मापच थोडं चुकतं. तुमच्या अहवालातले गुण मोजलेले आहेत की हिशेबाने काढलेले, हे विक्रेत्याला आधी विचारा.

आता तुमच्या पहिल्या हिऱ्याकडे येऊ, कारण खरा मुद्दा तिथे आहे.

हिऱ्याचा अपवर्तनांक 2.42 च्या जवळ आहे, त्यामुळे त्याचा क्रांतिक कोन साधारण 24.4 अंश येतो. आतला किरण पैलूवर आदळताना त्या पैलूच्या लंबाशी याहून मोठा कोन करत असेल, तर तो पूर्ण परावर्तित होतो. कोन याहून लहान झाला की किरण बाहेर निसटतो. मागच्या बाजूने निसटला तर ती जागा तुम्हाला फिकी किंवा काळपट दिसते. वरचा क्राउन आणि खालचा पॅव्हिलियन मिळून हा खेळ चालतो. म्हणून एकटा कोन चांगला की वाईट असं म्हणता येत नाही, जोडी बघावी लागते. हिऱ्यांच्या कटचा अभ्यास करणाऱ्या मार्सेल टोल्कोव्हस्कीने 1919 मध्ये जी जोडी मांडली ती क्राउन 34.5 अंश आणि पॅव्हिलियन 40.75 अंश अशी होती, टेबल 53 टक्के. आजचे कारागीर टेबल थोडं मोठं ठेवतात, पण जोडीचा नियम तोच आहे. पॅव्हिलियन 0.2 अंशाने वाढवला, तर क्राउन साधारण 1 अंशाने उतरवायला हवा. या हिशेबाने 41.2 च्या पॅव्हिलियनला 32.5 च्या आसपासचा क्राउन शोभला असता. तुमच्या पहिल्या हिऱ्यात दोन्ही कोन एकाच दिशेने वाढले आहेत. असा हिरा वरून उभा आणि खालून खोल असतो. यात प्रकाश बहुतेक वेळा टेबलाच्या कडेखाली एका कड्याच्या आकारात गळतो. वजन मात्र टिकून राहतं, म्हणून असे हिरे बाजारात भरपूर असतात. मापंच बघा: पहिला वजनाने 0.01 कॅरट जास्त असून व्यासाने लहान आहे. ते जादा वजन खोलीत आणि गर्डलमध्ये (क्राउन आणि पॅव्हिलियनच्या मधल्या कडेत) गेलं आहे, वरून बघताना ते दिसणार नाही.

जीआयएने गोल ब्रिलियंट हिऱ्यांना कट श्रेणी द्यायला 2006 मध्ये सुरुवात केली. तिची 'एक्सलंट'ची चौकट मुळातच रुंद आहे, तिच्यात तुमचे दोन्ही हिरे बसतात. शिवाय प्रमाणपत्रावरचे आकडे गोळाबेरीज करून छापलेले असतात. क्राउनचा कोन 0.5 अंशाच्या पायरीने, पॅव्हिलियनचा 0.2 अंशाच्या पायरीने, आणि तेही आठ मुख्य पैलूंची सरासरी काढून. म्हणजे छापील 35 च्या मागे 34.8 असेल किंवा 35.2. छापील 41.2 च्या मागे एक पैलू 40.9 चा आणि समोरचा 41.5 चाही असू शकतो. पहिला हिरा काठावरचा आहे, म्हणून त्याला हा फरक जास्त भोवतो. खरा आकडा 41.1 आणि 34.8 निघाला तर गळती थोडीच असेल, 41.3 आणि 35.2 निघाला तर डोळ्यांना जाणवेल. दुसरा हिरा चौकटीच्या मधोमध आहे, तिथे एवढ्या फरकाने फारसं बिघडत नाही.

मग असा हिरा यंत्रावर तिन्ही पट्ट्या कशा भरतो? कारणं अनेक आहेत.

पहिलं, यंत्र सगळ्या हिऱ्याची बेरीज करतं. टेबलाच्या कडेचं गळकं कडं हे एकूण क्षेत्रफळाचा लहानसा भाग असतं, बेरजेत ते बुडून जातं. डोळा बेरीज करत नाही. त्याला मधेच आलेला मळकट पट्टा खटकतो. दुसरं, सर्वोच्च श्रेणीचा खण मोठा असतो. पट्टी टोकाला टेकली की त्यापुढे फरक दिसतच नाही, त्यामुळे जेमतेम टेकलेला आणि खूप पुढे असलेला हिरा कागदावर सारखेच दिसतात. तिसरं, कप्प्यातला प्रकाश उदार असतो. बघणाऱ्याचं डोकं मात्र तिथे नसतं. तुम्ही हिरा 25–30 सेंटिमीटरवर धरून बघता तेव्हा तुमचं डोकं आणि खांदे समोरून येणारा बराचसा प्रकाश अडवतात. चांगल्या कटमध्ये त्याच अडवणुकीतून काळेपांढरे बाण उमटतात आणि हिरा हलवला की त्यांची उघडझाप होते. आपण ज्याला लकाकी म्हणतो त्यात या काळ्या तुकड्यांचा मोठा वाटा आहे. नुसता सगळीकडून पांढरा हिरा सपाट दिसतो. 'किती प्रकाश परत आला' एवढंच मोजणाऱ्या यंत्राला ही बाजू नीट पकडता येत नाही.

फायरच्या पट्टीबद्दल तर आम्ही फारच सावध असतो. हिऱ्यातून बाहेर पडणारा किरण रंगांच्या पंख्यासारखा पसरतो. तो पंखा तुमच्या डोळ्यापर्यंत येईतो इतका रुंद होतो की बाहुलीत त्याचा एकच तुकडा शिरतो आणि तुम्हाला लाल किंवा निळी ठिणगी दिसते. कॅमेरा जवळ असला आणि त्याचं भिंग मोठं असलं, की पंख्याचा बराच भाग एकदम आत येतो आणि रंग परत मिसळून पांढरे होतात. त्यात फोटो जास्त उजळ घेतला गेला तर कॅमेऱ्यासाठी तेजस्वी रंगीत ठिपकाही पांढराच असतो. बाहुलीचा आकार, अंतर, दिव्याचा लहानमोठेपणा या सगळ्यांवर फायर अवलंबून आहे. ढगाळ दिवसाच्या उजेडात उत्तम हिराही रंग फेकत नाही, आणि एकाच लहान तेजस्वी दिव्याखाली मध्यम हिराही फेकतो. हे सगळं एका पट्टीत मावत नाही.

चौथं कारण साधं आहे. तपासणी विक्रेत्याकडे झाली आहे. हिरा पुन्हा ठेवला, किंचित फिरवला, आधी चांगला पुसला, की गुण थोडे बदलू शकतात. चार वेळा मोजून सर्वांत चांगला कागद छापायला कोणतंही यंत्र मनाई करत नाही. आणि कमी गुणांचा कागद तुमच्यापर्यंत येतच नाही. ज्या हिऱ्यांना कमी गुण मिळाले ते 'तपासणी झालेली नाही' या गटात जाऊन बसतात. तुमचा दुसरा हिरा त्या गटातला आहे का, हे विक्रेत्याला स्पष्ट विचारा: 'हा यंत्रावर ठेवला होता का? आज ठेवून दाखवाल का?' त्याच यंत्रावर, तुमच्या समोर, दोन्ही हिरे प्रत्येकी तीनदा ठेवायला सांगा. एकाच हिऱ्याच्या तीन वाचनांतला फरक दोन हिऱ्यांमधल्या फरकाइतका निघाला, तर तो कागद बाजूला ठेवा.

याचा अर्थ यंत्र कुचकामी आहे असा नाही. आम्ही त्याला नाकारण्याचं साधन मानतो, निवडण्याचं नाही. गोल हिऱ्याला चांगल्या यंत्रावर, स्वच्छ पुसून, दोनदा मोजूनही कमी गुण मिळाले, तर काहीतरी नक्की बिघडलं आहे आणि तो सोडून द्यावा. उलट बाजूने तसं म्हणता येत नाही. खोली, टेबल, क्राउन आणि पॅव्हिलियन असे चार आकडे टाकून गुण देणारं होलोवे कट ॲडव्हायझर हे गणकयंत्रही असंच वापरायचं असतं. तिथे 2 पेक्षा कमी गुण आले तर हिरा पुढे बघण्यालायक आहे. 0.9 वाला 1.6 वाल्यापेक्षा सुंदर असतो असा त्याचा अर्थ नाही.

आता करायच्या गोष्टी. दोन्ही हिऱ्यांचं आयडियलस्कोप आणि ॲसेट छायाचित्र मागवा. ही दोन्ही साधी उपकरणं आहेत, यात गुण नसतात, चित्र असतं, आणि ते तुम्हाला स्वतःला वाचता येतं.

आयडियलस्कोपमध्ये लाल म्हणजे डोळ्याकडे परत येणारा प्रकाश, काळा म्हणजे डोक्याने अडवलेला भाग, आणि पांढरा किंवा फिका गुलाबी म्हणजे गळती. चांगल्या गोल हिऱ्यात गडद लाल पार्श्वभूमीवर आठ काळे बाण नीट दिसतात, आणि गर्डलजवळ बारीक पांढरे त्रिकोण असतात. ते त्रिकोण ठीक आहेत, त्यांना घाबरू नका. पहिल्या हिऱ्यात तुम्हाला टेबलाच्या कडेखालचं कडं शोधायचं आहे. ते सलग फिकं गुलाबी किंवा पांढरं दिसलं तर विषय संपला. तुटक आणि हलकं असेल तर प्रत्यक्ष बघून ठरवा. चित्र वाचताना एक खबरदारी घ्या: हिरा थोडा कलता ठेवला असेल तर एका बाजूला खोटी गळती दिसते. बाण मध्यबिंदूभोवती सारखे नसतील तर चित्र पुन्हा काढायला सांगा. दोन्ही हिऱ्यांचं चित्र एकाच बैठकीत, मागून सारखाच पांढरा प्रकाश ठेवून काढलेलं हवं. मागचा प्रकाश मंद ठेवला की गळती झाकली जाते.

ॲसेट त्याच्या एक पाऊल पुढे जातं आणि प्रकाश कोणत्या उंचीवरून घेतला जातोय ते रंगाने सांगतं. क्षितिजापासून 45 अंशांपर्यंतचा प्रकाश हिरवा, 45 ते 75 अंशांचा लाल, आणि 75 च्या वरचा, म्हणजे तुमच्या डोक्याने अडणारा, निळा. गळती मागच्या पार्श्वभूमीप्रमाणे पांढरी किंवा काळी दिसते. गोल हिऱ्यात लाल भरपूर हवा, कारण खोलीतला तेजस्वी प्रकाश बहुतेक वरूनच येतो. निळे बाण रेखीव हवेत आणि हिरवा कडेला, विखुरलेला चालतो. टेबलाखाली हिरव्याचे मोठे डाग असतील तर तो हिरा भिंतींचा प्रकाश गोळा करतोय आणि बहुतेक खोल्यांत मंद दिसेल.

चित्रं बरी आली की प्रत्यक्ष बघणं. दोन्ही हिरे कोमट पाण्यात भांडी घासायच्या द्रव साबणाचे दोन थेंब टाकून मऊ ब्रशने धुवा, खालच्या बाजूने जास्त काळजीने, आणि धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसा. हिऱ्याला तेल फार पटकन चिकटतं. बोटाचा एक ठसा पॅव्हिलियनवर असेल तर तुलना निरर्थक होते. त्यानंतर चिमट्याने गर्डलला धरा, बोटाने नको. पांढऱ्या कागदाची घडी करून त्या खाचेत दोन्ही शेजारी ठेवले तरी चालतं.

चार प्रकाशांत बघा. दुकानातले छतावरचे लहान तेजस्वी दिवे सर्वांत शेवटी, कारण त्याखाली सगळंच चमकतं. सुरुवात खिडकीजवळच्या, ऊन नसलेल्या उजेडात करा. मग हिरे टेबलाखाली किंवा स्वतःच्या सावलीत न्या. ही आमची आवडती कसोटी आहे: प्रकाश कमी झाला की चांगला हिरा कडेपासून कडेपर्यंत उजळ राहतो, आणि खोल हिऱ्याची कड आधी काळवंडते, तो आकाराने लहान वाटू लागतो. तिसरं, अंधाऱ्या खोलीत एकच लहान दिवा दोनेक मीटरवर ठेवून फायर बघा. प्रत्येक वेळी अंतर 25–30 सेंटिमीटर आणि मग हातभर, आणि हिरा दोन्ही बाजूंना 15–20 अंश डोलवून. अंगठीतला हिरा कुणी सरळ वरून बघत नाही, म्हणून कलता बघणं महत्त्वाचं आहे. यंत्र बहुतेक वेळा सरळ वरूनच बघतं.

तुम्हाला कोणता पहिला आणि कोणता दुसरा हे माहीत असेल तर अहवालाच्या भरलेल्या पट्ट्या डोळ्यांसमोर येतील. म्हणून सोबतच्या माणसाला जागा अदलाबदल करायला सांगा आणि न विचारता निवडा. प्रत्येक प्रकाशात तीनदा. बारापैकी नऊ-दहा वेळा एकच हिरा निवडला गेला तर तो तुमचा. सहा-सहा आले तर तुमच्या डोळ्यांना फरक नाही, आणि मग 8 टक्के जास्त देण्याचं कारणच उरत नाही.

पहिला हिरा या सगळ्यातून चांगला उतरला, चित्रात कडं दिसलं नाही आणि सावलीतही तो टिकला, तर आमचा कागदावरचा अंदाज बाजूला ठेवा आणि तो घ्या. पण किंमत दुसऱ्याच्या बरोबरीने मागा. अहवाल छापायला विक्रेत्याला हिरा घडवावा लागलेला नाही.

पैसे देण्याआधी यंत्राच्या अहवालावरचा क्रमांक, प्रमाणपत्राचा क्रमांक आणि गर्डलवर लेझरने कोरलेला क्रमांक एकच आहेत ना, ते दहापट भिंगातून वाचा. अहवालाची तारीख बघा. हिऱ्याला नंतर पुन्हा पॉलिश केलं असेल तर जुना अहवाल आणि जुनं प्रमाणपत्र दोन्ही निकामी होतात. माल परत करायची मुदत लेखी घ्या आणि ती हिरा सुटा असताना चालू होते की अंगठीत बसवल्यावरही चालते, हे विचारून ठेवा. बसवल्यानंतर परत घेत नसतील, तर मुदतीच्या आत सुटा हिरा स्वतंत्र रत्नपरीक्षकाकडे न्या. त्याच्याकडे ॲसेट आहे का ते आधी फोनवर विचारा. बसवलेल्या हिऱ्याचं आयडियलस्कोप चित्र नीट येत नाही, मागचा प्रकाश धातूने अडतो.